अंगात चिलखत, हातात ग्रंथ

प्रश्न दोन भागांत आहे. पंधराव्या शतकात इटलीतली राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली असूनही तिथे एवढी चित्रं, शिल्पं, राजवाडे आणि ग्रंथालयं उभी राहिली, ती कशी? आणि त्या लढाया भाडोत्री सैनिकांच्या होत्या, त्यात फारसं कुणी मरत नसे, असं वाचायला मिळतं, ते खरं का?

गेली पंचवीस वर्षं मी महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवतोय, आणि यातला पहिला प्रश्न दरवर्षी वर्गात येतोच. त्यातला ‘असूनही’ हा शब्द मला खटकतो. एकीकडे लढाया, दुसरीकडे कला, आणि कलेने त्या धुमश्चक्रीतून कशीबशी वाट काढली, असं चित्र त्या शब्दामुळे डोळ्यांपुढे येतं. त्या काळचे करारनामे, हिशेब आणि पत्रव्यवहार वाचले की हे चित्र टिकत नाही. लढाईचा पैसा आणि चित्राचा पैसा अनेकदा एकाच थैलीतून निघत होता. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते उर्बिनो या छोट्याशा डोंगरी संस्थानात, म्हणून उत्तराचा मोठा भाग तिथेच घालवतो.

वर्गात मी आधी एक चित्र पडद्यावर लावतो आणि काहीच न बोलता मुलांना पाच मिनिटं बघू देतो. उर्बिनोच्या राजवाड्यात ते आजही आहे. ते कुणी काढलं यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी युस्तुस व्हान गेन्टचं नाव घेतं, कुणी स्पॅनिश चित्रकार पेद्रो बेरुगेतेचं. चित्रात उर्बिनोचा अधिपती फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो उंच पाठीच्या खुर्चीवर बसून एक जाडजूड ग्रंथ वाचतोय. गुडघ्याशी त्याचा लहानगा मुलगा ग्विदोबाल्दो उभा आहे, अंगावर मोती जडवलेले कपडे. आता फेदेरिकोकडे नीट बघा. घरात, मुलाजवळ बसून, शांतपणे वाचणाऱ्या या माणसाच्या अंगात पूर्ण पोलादी चिलखत आहे. शिरस्त्राण पायाशी जमिनीवर ठेवलंय. कमरेला तलवार आहे. पायावर इंग्लंडच्या राजाने दिलेला ‘गार्टर’ या सरदारी सन्मानाचा पट्टा, गळ्यात नेपल्सच्या राजाने दिलेली मानाची साखळी. चिलखत घालून कुणी वाचत बसत नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. मग एखादी मुलगी विचारते, ‘सर, मग असं का काढून घेतलं?’ तिथून तास सुरू होतो.

आधी नकाशा थोडक्यात. इटली हा तेव्हा एक देश नव्हता. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पोपची राज्यं आणि नेपल्स या पाच मोठ्या सत्ता होत्या. त्यांच्या फटींत मान्तुआ, फेरारा, रिमिनी, सिएना, उर्बिनो अशी लहान राज्यं होती. ९ एप्रिल १४५४ रोजी मिलान आणि व्हेनिस यांनी लोदी इथे तह केला, आणि वर्षभरात पाचही सत्ता एका संघात आल्या. त्यानंतर चाळीसएक वर्षं मोठा वणवा पेटला नाही. ठिणग्या मात्र कायम उडत होत्या. कुणी फार मोठा झाला की बाकीचे एकत्र येऊन त्याला खाली ओढायचे. एकमेकांच्या दरबारात कायमचा वकील ठेवण्याची पद्धत याच काळात इटलीत रुजली, कारण शेजारी काय शिजवतोय हे रोजच्या रोज कळणं गरजेचं झालं होतं.

या राज्यांकडे पैसा होता, पण लढणारी माणसं पुरेशी नव्हती. फ्लॉरेन्सचा विणकर किंवा सराफ महिनोन्‌महिने छावणीत बसला तर कर भरणार कोण? शिवाय शहरातल्या लोकांच्या हातात शस्त्रं देणं तिथल्या सत्ताधारी घराण्यांना धोक्याचंच वाटायचं. त्यामुळे सैन्य कंत्राटावर घेतलं जायचं. या कराराला ‘कोन्दोत्ता’ म्हणत, आणि करार घेणाऱ्या सेनानीला ‘कोन्दोत्तिएरे’.

हा करार जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण ‘भाडोत्री’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लुटारूंची टोळी येते. प्रत्यक्षात हे बारीक कलमांचे कायदेशीर दस्तऐवज असायचे. सेनानी किती ‘लान्स’ आणणार ते आधी लिहिलेलं असे. एका लान्समध्ये साधारण तीन माणसं: एक जड चिलखताचा स्वार, एक हलका साथीदार आणि एक पोऱ्या. करार किती महिने पक्का, आणि त्यापुढे मालकाच्या मर्जीने किती महिने वाढवता येईल, हे ठरलेलं असे. सुरुवातीला उचल मिळे. मग राज्याचे कारकून येऊन गणती घेत, घोड्यांचे रंग आणि खुणा वहीत उतरवत, म्हणजे तोच घोडा दोनदा दाखवून दोनदा पगार उचलता येऊ नये. कमी भरलं तर पगार कापला जाई. लुटीबद्दलही कलम असे: किल्ले, शहरं आणि मोठे कैदी मालकाचे, हाती लागलेली चीजवस्तू सैनिकांची. मराठी वाचकाला इथे शिलेदार आठवेल, घोडा आणि हत्यार त्याचं, पगार दुसऱ्याचा. शतकाच्या मध्यानंतर शांततेच्या काळातही कमी पगारावर सेनानी बांधून ठेवायची चाल पडली, नाहीतर तो ऐन वेळी शत्रूकडे जायचा.

आता उर्बिनो. आपेनाइन डोंगरातला हा मुलूख. जमीन खडकाळ, पीक बेताचं, व्यापार नावापुरता. अशा मुलखातून निर्यात काय होणार? माणसं. मोन्तेफेल्त्रो घराणं पिढ्यान्‌पिढ्या सैन्य पुरवण्याचा व्यवसाय करत आलं होतं. फेदेरिको १४२२ साली जन्मला, तोही औरस नव्हे. लहानपणी त्याला ओलीस म्हणून व्हेनिसला ठेवलं गेलं, मग मान्तुआत वित्तोरिनो दा फेल्त्रे या गुरूच्या शाळेत तो शिकला. तिथे लॅटिन, गणित आणि मैदानी कसरती एकाच दिवसाच्या वेळापत्रकात असत, आणि राजपुत्रांच्या शेजारी गरिबांची हुशार मुलं फीशिवाय बसत. १४४४ च्या जुलैत उर्बिनोत कट होऊन त्याचा सावत्र भाऊ ओद्दान्तोनियो मारला गेला आणि बावीस वर्षांचा फेदेरिको गादीवर बसला. त्या खुनाची सावली त्याच्यावर कायम राहिली. १४५० साली भाल्यांच्या झुंजीत त्याचा उजवा डोळा गेला. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र डाव्या बाजूने आहे ते त्यामुळेच. नाकाच्या मुळाशी पडलेली खाच मात्र चित्रकाराने लपवलेली नाही.

जवळपास चाळीस वर्षं हा माणूस लढाईची कंत्राटं घेत होता: मिलानसाठी, नेपल्ससाठी, पोपसाठी, फ्लॉरेन्ससाठी. हाती घेतलेला करार मुदतीत मोडत नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि या धंद्यात तीच खरी पुंजी. त्याचं चरित्र लिहिणारा फ्लॉरेन्सचा ग्रंथविक्रेता वेस्पासियानो दा बिस्तिच्ची एक प्रसंग सांगतो. १४८२ साली फेरारावरून युद्ध पेटत असताना व्हेनिसने फेदेरिकोला निरोप धाडला, की तू नुसता घरी बस, वर्षाला ८०,००० दुकात (सोन्याची नाणी) देतो. घरी बसायचा हा भाव चांगला आहे, असं त्याचा एक चिटणीस म्हणाला. फेदेरिकोने उत्तर दिलं की दिलेला शब्द पाळणं जगातल्या सगळ्या सोन्याहून मोलाचं आहे. वेस्पासियानो त्याचा भक्त होता, त्यामुळे संवाद शब्दशः घेऊ नये. पण न लढण्याचीसुद्धा बोली लागत होती, यावरून या बाजाराचा अंदाज येतो.

हा पैसा उर्बिनोच्या शेतकऱ्याकडून आलेला नव्हता. तो फ्लॉरेन्सच्या कापडातून, नेपल्सच्या करांतून, रोमच्या तिजोरीतून डोंगर चढून वर येत होता. म्हणून फेदेरिको आपल्या रयतेवर कराचा बोजा हलका ठेवू शकला आणि बाजारातून सोबत फौजफाटा न घेता फिरू शकला. डोंगरातल्या तरुणांना त्याच्या पथकात पगार मिळे, गवंड्यांना, सुतारांना आणि नक्षीकारांना त्याच्या बांधकामावर. १४६८ साली त्याने लुचियानो लाउरानाला राजवाड्याचा मुख्य वास्तुशिल्पी नेमलं. पुढे फ्रान्चेस्को दी जॉर्जो मार्तिनी आला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की फेदेरिकोने आपल्यावर एकाच वेळी १३६ बांधकामं सोपवली होती. हाच माणूस राजवाड्याची नाजूक सजावट करत होता आणि सान लेओ, कल्ली, सास्सोकोर्वारो इथले किल्ले तोफांपुढे टिकतील असे बांधत होता. सास्सोकोर्वारोच्या किल्ल्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात पास्क्वाले रोतोन्दी या कलाधिकाऱ्याने इटलीतली हजारो चित्रं आणि शिल्पं बॉम्बपासून वाचवायला याच परिसरात लपवली, आणि त्यांतल्या अनेक कलाकृती त्या किल्ल्याच्या गोल भिंतींआड सुरक्षित राहिल्या.

राजवाड्यात फेदेरिकोची एक छोटी अभ्यासिका आहे, ‘स्तुदिओलो’. चार माणसं शिरली तर अडचण व्हावी एवढीच. भिंतींचा खालचा भाग लाकडी जडावकामाचा: वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवून कपाटं, अर्धवट उघडी दारं, फळ्यांवरचे ग्रंथ, वाद्यं, खगोलयंत्र असं सगळं ‘दाखवलंय’. खरं कपाट एकही नाही. त्या फसव्या कपाटांमध्ये एका जागी चिलखताचे भाग ठेवलेले दिसतात: छातीचा पत्रा, शिरस्त्राण, पायाची कवचं, जणू मालक आत्ताच मोहिमेवरून आलाय आणि काढून ठेवून वाचायला बसलाय. वरच्या भागात प्लेटो, ॲरिस्टॉटल, सिसेरो, मोझेस, दान्ते अशा २८ थोरांची चित्रं होती. त्याच्या गुब्बियोच्या वाड्यातली अशीच दुसरी अभ्यासिका आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिकडे राहणाऱ्यांनी ती चुकवू नये.

पण नुसता पैसा होता म्हणून कला आली, एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. पैसा व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडेही होता. कोन्दोत्तिएरे सत्ताधीशांना एक वेगळी टोचणी होती, आणि माझ्या मते उत्तराचा गाभा तिथे आहे. त्यांच्या गादीचा हक्क कच्चा होता. फ्रान्चेस्को स्फोर्झा १४५० साली मिलानचा ड्यूक झाला तो तलवारीच्या आणि बायकोच्या माहेरच्या नात्याच्या जोरावर. मेदिची घराणं फ्लॉरेन्सवर राज्य करत होतं, पण कागदोपत्री ते साधे नागरिक होते. फेदेरिको अनौरस, आणि गादी मिळाली तीही खुनानंतर. रक्ताने मिळत नाही ती प्रतिष्ठा दगड, ब्राँझ आणि ग्रंथ यांनी उभी करावी लागत होती. चिलखत घालून ग्रंथ वाचणाऱ्या चित्रातलं एकेक मानचिन्ह त्यासाठीच मोजून ठेवलेलं आहे. १४७४ साली पोप सिक्स्तुस चौथा याने फेदेरिकोला ड्यूक केलं, आणि त्याच सुमारास फेदेरिकोची मुलगी जोव्हान्ना पोपच्या पुतण्याला दिली गेली. मुलगा चित्रात हाताशी उभा आहे तोही याच हिशेबात: गादी पुढे चालणार आहे, हे बघणाऱ्याला कळावं.

उलटं उदाहरण बघितलं की मुद्दा पक्का होतो. शेजारच्या रिमिनीचा सिजिस्मोन्दो मालातेस्ता हा फेदेरिकोचा हाडवैरी, पण जातकुळी तीच: अनौरस, उत्तम सेनानी, कलेचा भोक्ता. ज्या पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने पुढे फेदेरिकोला रंगवलं, त्यानेच १४५१ मध्ये सिजिस्मोन्दोचं भित्तिचित्र काढलं होतं. सिजिस्मोन्दोने लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या वास्तुशिल्पीकडून रिमिनीच्या चर्चला संगमरवरी नवं रूप द्यायला घेतलं. पण त्याने मालकांशी दगाफटका केल्याची बोंब झाली, मोठी कंत्राटं आटली, पोप पायस दुसरा त्याच्या मागे हात धुऊन लागला आणि १४६२ मध्ये रोममध्ये त्याचे पुतळे जाळले गेले. त्याच वर्षी सेनिगाल्लियाजवळ फेदेरिकोने त्याचा धुव्वा उडवला आणि पुढच्या वर्षी फानोही घेतलं. रिमिनीचं ते चर्च आजही तसंच अर्धवट उभं आहे. दर्शनी भागाची वरची बाजू अपुरी, आणि आल्बेर्तीने कल्पिलेला घुमट कधी चढलाच नाही. कंत्राटं थांबली तसे पाथरवटही थांबले. मी विद्यार्थ्यांना त्या अर्धवट भिंतीचा फोटो दाखवतो. पंचवीस पानं वाचून जे समजत नाही ते तो फोटो क्षणात समजावतो.

आता कटू बाजू. तिच्याशिवाय हे उत्तर खोटं ठरेल.

१४७० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या अमलाखालच्या व्होल्तेर्रा शहराच्या हद्दीत तुरटीची खाण सापडली. आपल्याकडे तुरटी म्हणजे पाणी निवळायला किंवा दाढीनंतर गालावर फिरवायला लागणारा खडा. तेव्हाच्या युरोपात तुरटी म्हणजे लोकरीच्या कापडावर रंग पक्का बसवणारं रसायन, म्हणजेच कापडधंद्याचा कणा. पोपच्या मुलखातल्या तोल्फाच्या तुरटीचा व्यापार मेदिचींच्या हाती होता. व्होल्तेर्राच्या खाणीचा मक्ता ज्या भागीदारीकडे गेला, तिच्यात मेदिचींच्या जवळची माणसं होती. गावकरी म्हणाले, खाण आमच्या जमिनीत, फायदा तुमचा का? वाद चिघळला, १४७२ मध्ये खून पडले आणि शहराने बंड केलं. फ्लॉरेन्समध्ये काही ज्येष्ठांनी समेटाचा सल्ला दिला. घराण्याचा प्रमुख, तेवीस वर्षांचा लोरेन्झो दे मेदिची याने ऐकलं नाही. त्याने फेदेरिकोला बोलावलं.

साधारण पंचवीस दिवसांच्या वेढ्यानंतर जूनमध्ये शहर शरण आलं. जीव आणि मालमत्ता सुरक्षित राहील, ही अट होती. दरवाजे उघडले आणि सैनिक आत घुसून लुटालूट, बलात्कार, खून सुरू झाले. सुरुवात कुणी केली, फेदेरिको सैनिकांना आवरू शकला नाही की त्याने आवरलं नाही, यावर तेव्हापासून आजपर्यंत वाद आहे. पण शहर लुटलं गेलं हे निर्विवाद. त्याच लुटीत मेनाहेम बेन आहरोन या ज्यू गृहस्थाचा हिब्रू हस्तलिखितांचा संग्रह फेदेरिकोच्या हाती पडला आणि उर्बिनोच्या ग्रंथालयात गेला. फ्लॉरेन्सने त्याचा जंगी सत्कार केला, चांदीचं शिरस्त्राण भेट दिलं. खाणीतली तुरटी हलक्या प्रतीची निघाली, आणि थोड्याच काळात खाण सोडून देण्यात आली. फेदेरिको घरी परतला आणि काही आठवड्यांतच त्याची बायको बात्तिस्ता स्फोर्झा वारली. त्याच जानेवारीत तिने ग्विदोबाल्दोला जन्म दिला होता.

मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात पिएरोचंच एक मोठं चित्र आहे. मेरीमातेपुढे फेदेरिको पूर्ण चिलखतात गुडघे टेकून बसलाय, शिरस्त्राण आणि हातमोजे समोर काढून ठेवलेत, हात जोडलेले आहेत. त्याच्या समोरची जागा, जिथे रिवाजाप्रमाणे पत्नी असायला हवी, ती रिकामी आहे. ते चित्र मला फार आवडतं. आणि ते बघताना व्होल्तेर्रा आठवल्याशिवाय राहत नाही.

ग्रंथालयाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण वेस्पासियानोचं वाक्य सगळीकडे फिरतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे फेदेरिकोने यावर ३०,००० दुकातांहून जास्त खर्च केला, अनेक वर्षं तीस-चाळीस लेखनिक कामाला होते, आणि संग्रहात एकही छापील ग्रंथ नव्हता, असता तर तो लाजला असता. हे शेवटचं खरं नाही. संग्रहात छापील प्रती होत्या. वेस्पासियानो हस्तलिखितं विकून पोट भरत होता आणि छापखान्याने त्याचा धंदा बुडवला होता, हे लक्षात घेतलं की ते वाक्य कुठून आलं ते कळतं. साधन वाचताना लिहिणाऱ्याचं दुकान कुठलं, हे आधी बघावं, असं मी मुलांना सांगतो ते यासाठीच. पुढे १६५७ साली हा संग्रह पोप अलेक्झांडर सातवा याने रोमला हलवला, आणि तो आजही व्हॅटिकन ग्रंथालयात ‘उर्बिनो’ याच नावाने वेगळा ठेवलेला आहे. मेनाहेमची हस्तलिखितंही त्यातच आहेत.

आता दुसरा प्रश्न: लढाया लुटुपुटूच्या होत्या का? ही समजूत मुख्यतः फ्लॉरेन्सचा राजकीय लेखक मॅकियाव्हेली याच्यामुळे पसरली. २९ जून १४४० च्या आंगियारीच्या लढाईबद्दल त्याने लिहिलं की एवढ्या मोठ्या झुंजीत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून. १४६७ च्या मोलिनेल्लाच्या लढाईत, जिथे एका बाजूला फेदेरिको आणि दुसरीकडे बार्तोलोमेओ कोल्लेओनी होता, तिथे कुणीच मेलं नाही असंही तो म्हणतो. दोन्ही विधानं चूक आहेत. दोन्ही ठिकाणी मृतांचा आकडा शेकड्यांत होता. मॅकियाव्हेलीला भाडोत्री सैन्यं नकोच होती, फ्लॉरेन्सने आपल्याच नागरिकांची फौज उभारावी म्हणून तो आयुष्यभर झटला. त्याची तळमळ मला पटते, पण त्याने दिलेले आकडे मी घेत नाही.

यात तथ्यही आहे, थोडं. प्रशिक्षित स्वार आणि त्याचा घोडा हीच सेनानीची गुंतवणूक, त्यामुळे तो समोरासमोरच्या लढाईत ती उधळत नसे. शत्रूला कोंडीत पकडणं, रसद तोडणं, पिकं जाळणं, कैदी पकडून खंडणी घेणं यावर भर असे. जळालेल्या पिकाखाली कोण चिरडलं जात होतं हे सांगायला नको. आणि मालकही काही भोळे नव्हते. व्हेनिसने आपलाच सेनानी कार्मान्योला शत्रूशी संधान बांधतोय या संशयावरून त्याला बोलावून घेतलं आणि ५ मे १४३२ रोजी त्याचं शिर उडवलं.

राजकारण कुठल्या थराला जायचं याचं एक उदाहरण देऊन पुढे जातो. २६ एप्रिल १४७८, रविवार, फ्लॉरेन्सचं मुख्य चर्च, प्रार्थना चालू. मेदिचींच्या प्रतिस्पर्धी पाझ्झी घराण्याच्या कटवाल्यांनी लोरेन्झोचा भाऊ जुलियानो याला भोसकून मारलं. लोरेन्झो मानेला जखम घेऊन बाजूच्या खोलीत शिरला आणि त्याच्या मित्रांनी ब्राँझचे दरवाजे लावून घेतले. कटात सामील असलेला आर्चबिशप साल्व्हियाती त्याच दिवशी सरकारवाड्याच्या खिडकीतून लटकवला गेला. पोपचे नातेवाईक यात होते हे जुनंच माहीत आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार मार्चेल्लो सिमोनेत्ता यांनी उर्बिनोतल्या एका खासगी दप्तरातलं फेदेरिकोचं सांकेतिक लिपीतलं पत्र उलगडलं, १४ फेब्रुवारी १४७८ चं. त्यावरून दिसलं की फ्लॉरेन्सबाहेर सहाशे सैनिक तयार ठेवायचं काम फेदेरिकोने अंगावर घेतलं होतं. सहा वर्षांपूर्वी ज्याला चांदीचं शिरस्त्राण मिळालं तोच हा माणूस. लिपी उलगडायला सिमोनेत्तांना उपयोगी पडले ते त्यांच्याच पूर्वजाने, मिलानचा मुख्य चिटणीस चिक्को सिमोनेत्ता याने, १४७४ साली लिहिलेले सांकेतिक लिपी फोडण्याचे नियम.

कट फसला, पोप आणि नेपल्स यांनी फ्लॉरेन्सवर युद्ध पुकारलं. १४७९ च्या डिसेंबरात लोरेन्झो स्वतः नेपल्सला, म्हणजे शत्रूच्याच घरी गेला आणि मार्चमध्ये तह घेऊन परतला. फेदेरिको १० सप्टेंबर १४८२ रोजी फेराराच्या मोहिमेत तापाने गेला. पुढच्याच वर्षी उर्बिनोत, त्याच्या दरबारी चित्रकाराच्या, जोव्हान्नी सान्तीच्या घरी मुलगा झाला. त्याचं नाव राफाएल.

ही सारी व्यवस्था कोसळली ती १४९४ मध्ये, फ्रान्सचा राजा चार्ल्स आठवा पंचवीसेक हजारांचं सैन्य घेऊन आल्प्स ओलांडून आला तेव्हा. त्याच्याकडे चाकांच्या गाड्यांवरच्या ब्राँझच्या तोफा आणि लोखंडी गोळे होते. त्यापुढचे मालक इटलीबाहेरचे होते, आणि त्यांच्या फौजांपुढे उर्बिनोसारख्या राज्याची कंत्राटी पथकं किस झाडकी पत्ती.

चार्ल्सला यायला उत्तेजन देणाऱ्यांत मिलानचा लुदोव्हिको स्फोर्झा होता. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने त्याच्याकडे नोकरी मागताना जे पत्र तयार केलं, त्यात हलके पूल, तोफा, भुयारं, झाकलेले रणगाडे असे आधीचे सगळे मुद्दे युद्धाचे होते. शांततेच्या काळातली कामं आणि चित्रकला दहाव्या मुद्द्यात आली. आणि शेवटी त्याने लिहिलं की लुदोव्हिकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडाही मी करू शकेन. वडील म्हणजे कोन्दोत्तिएरे फ्रान्चेस्को स्फोर्झा. लिओनार्दो त्या घोड्यावर वर्षानुवर्षं खपला. १४९३ मध्ये सुमारे सात मीटर उंचीची मातीची प्रतिकृती मिलानमध्ये उभी राहिली. ओतकामाला ब्राँझ जमवलेलं होतं. १४९४ मध्ये ते लुदोव्हिकोने आपला सासरा, फेराराचा ड्यूक एर्कोले देस्ते याच्याकडे तोफा ओतायला पाठवून दिलं. १४९९ मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतलं आणि त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेम धरून सराव केला. १५०१ मध्ये एर्कोलेने मिलानला पत्र धाडलं: तो घोडा कुणी लक्ष न दिल्यामुळे दिवसेंदिवस ढासळतोय, तर तो मला द्यावा, मी त्यावरून ओतून घेईन. राजाची परवानगी लागेल, असं फ्रेंच अधिकाऱ्याने कळवलं. घोडा फेराराला गेला नाही.